चारूची बाजू

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही फोनवर कुकरवरून वाद घालत होतो.

शुक्रवार होता. तिने कुकरचं हँडल बदलून आणलं होतं. त्याआधी शिट्टी आणि रिंग बदलली होती, आणि दोन वर्षांपूर्वी झाकण. तरी तिच्या मते तो तिच्या लग्नातलाच कुकर होता.

“आई, भांडं सोडून त्यात काही जुनं उरलेलं नाही.”

“भांडंही बदलेन पुढच्या वर्षी. तरी तोच.”

“असं कसं?”

“मी त्यात रोज वरण लावते म्हणून.”

“हा काही युक्तिवाद नाही.”

“मग तुझा सांग, चारू.” तिचा आवाज खुलला होता. आई यवतमाळच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असे. निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी दुपारी तिथल्याच एका रिकाम्या खोलीत तिने आपला प्रश्नवर्ग चालू ठेवला होता. यायचं त्याने यावं, परीक्षा नाही, हजेरी नाही. वाद घालायला मिळाला की तिला चहा लागत नसे.

मी शिलाँगला ढगांचा अभ्यास करते. त्या दिवशी माझ्यासमोर मोजणीचे आकडे उघडे होते आणि माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. तिने विचारलं, “या महिन्यात येतेस का? मुलं म्हणतात, मॅडम, तुमची मुलगी खरी आहे की उदाहरणापुरती?”

“पुढच्या महिन्यात बघते.”

“बघ,” ती म्हणाली. मग दूध उतू जातंय म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर प्रश्न लिहिता लिहिता ती खुर्चीत बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं.

तीन महिन्यांनी मला निशांत बोदडे नावाच्या तरुणाचा फोन आला. नागपूरच्या एका संस्थेत तो ‘ठसे’, म्हणजे एखाद्या माणसासारखं बोलणारी यंत्रं, तयार करायचं काम करत होता.

तोवर ठसे सगळ्यांच्या ओळखीचे झाले होते. आमच्या शिलाँगच्या दवाखान्यातही एका निवृत्त बालरोगतज्ज्ञाचा ठसा होता आणि नव्या डॉक्टर मुली अवघड ताप आला की त्याला विचारत. निशांतच्या संस्थेला आता शिक्षकांचे ठसे करायचे होते. आईच्या वर्गाबद्दल त्याने कुठेतरी वाचलं होतं. जूनपासून जिल्ह्यातल्या चाळीस शाळांत ‘वानखडे मॅडम’ प्रश्नवर्ग घेतील, असा त्याचा बेत होता. वारस म्हणून माझी संमती हवी होती.

“म्हणजे नक्की काय करणार?” मी विचारलं.

त्याने नीट समजावलं. मोठं भाषायंत्र लाखो लोकांच्या लिखाणावर वाढलेलं असतं, म्हणून ते कुणा एकासारखं बोलत नाही. त्यावर एका माणसाच्या लिखाणाचा पातळ थर चढवायचा. हा थर माहिती साठवत नाही. एखाद्या मुद्द्यापाशी आल्यावर हा माणूस बाकीच्यांपेक्षा किती आणि कुठल्या बाजूला सरकतो, उदाहरण स्वयंपाकघरातून आणतो की शेतातून, कुठे ठाम होतो, कुठे कचरतो, एवढंच तो शिकतो. अशी लाखभर सरकणी जमली की त्या माणसाला कधीच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं त्याच्यासारखं येतं.

मला हे ओळखीचं वाटलं. आम्हीही देशभराच्या हवामानाचं गणित घेतो आणि खासी टेकड्यांपुरतं त्याला वळण देतो. टेकड्या प्रत्यक्ष न बघता ते गणित पाऊस बरोबर सांगतं.

“त्यांचं लिखाण आहे का भरपूर?” त्याने विचारलं.

होतं. प्रश्नवर्गाच्या सत्तावीस वर्षांच्या दोनशे चौदा वह्या कपाटात होत्या, आणि मुलांच्या पानांमधून तिची पानंही होती. तिचं उभट अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. मी त्या वर्गात एकदाही बसले नव्हते. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते, आणि त्याच वर्षी आईने हा वर्ग सुरू केला. घरात आम्ही दोघीच उरलो असताना तिने शनिवार दुसऱ्यांच्या मुलांना दिला, हे मला तेव्हा आवडलं नव्हतं. वर्षभराने मी शिकायला बाहेर पडले आणि बाहेरच राहिले.

मी शेजाऱ्यांना सांगून वह्या संस्थेकडे पाठवल्या. त्यांनी पानांची छायाचित्रं काढली आणि नियमाप्रमाणे मुलांची नावं, सह्या काळ्या पट्टीने झाकून मगच ती यंत्राला दिली. महिन्याभरात वह्या परत आल्या.

मार्चमध्ये मी तीन आठवड्यांची रजा काढून यवतमाळला आले. घर आवरायचं होतं, आणि ठसा बघून संमतीचा कागद द्यायचा होता. निशांत एक टॅबलेट घेऊन सकाळीच आला. सडपातळ, बोलका मुलगा. सोफ्यावर बसायच्या आधी त्याने आईच्या फोटोला नमस्कार केला.

“आवाज अजून बसवला नाही,” तो म्हणाला. “तुम्ही हो म्हणालात तर त्यांची रेकॉर्डिंगं लागतील. आत्ता नुसतं लिहून बोलेल. तुम्ही निवांत बोला, मी कॉलेजात जाऊन येतो.”

तो गेल्यावर मी टॅबलेट मांडीवर घेतला. मग लिहिलं : दूर गेलेल्या मुलांनी परत यायला हवं का?

उत्तर लगेच आलं.

‘नाही. मुलाला वाढवणं म्हणजे त्याला जाता येईल असं करणं. मी सायकलचा हात सोडला तो मुलीने चौकातून वळून परत यावं म्हणून सोडला नाही. तिचं काम तिकडे असेल तर तिने तिकडे असावं. आई एकटी आहे ही आईची परिस्थिती आहे, मुलीचा अपराध नाही. आणि अपराधी वाटून आलेली मुलगी खरं तर आलेलीच नसते. तिची फक्त बॅग येते.’

बॅगेचं वाक्य आईचंच होतं. असं वाक्य दुसरं कोणी लिहिलं नसतं.

मी ते चार-पाचदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन वाचलं. सव्वीस वर्षं जो प्रश्न मी तिला विचारला नव्हता त्याचं उत्तर माझ्या मांडीवर होतं, आणि ते माझ्या बाजूने होतं. निशांत परतल्यावर मी त्याला म्हटलं, “कागद द्या. सही करते.”

तो खूश झाला, पण म्हणाला, “उद्या शनिवार आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना एकदा दाखवूया? संस्थेचा नियम आहे, ओळखीच्या पाच माणसांनी ठसा ओळखायला हवा. मग सही.”

आई गेल्यावरही वर्ग बंद पडलेला नव्हता. अकरा मुलं होती. त्यांच्यातली मोनाली आत्राम ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी पांढरकवड्याहून एसटीने येत असे. आईला दवाखान्यात नेताना रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेऊन हीच बसली होती. हे मला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. तिने स्वतः कधी विषय काढला नाही.

“या ताई, बसा,” ती म्हणाली. “म्हणजे तुम्ही खऱ्याच आहात.”

मुलं हसली. मलाही हसू आलं.

निशांतने टॅबलेट भिंतीवरच्या पडद्याला जोडला. मोनालीने पहिला प्रश्न टाकला. “सायकलचे सगळे भाग एकेक करून बदलले, तर ती सायकल तीच का?”

पडद्यावर उत्तर आलं : ‘नाही. आपण नावाला चिकटून बसतो. लोखंड बदललं तर वस्तू बदलली.’

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावरचा अन्वर नावाचा मुलगा म्हणाला, “अबे, हे तर माझं आहे.”

“तुझं म्हणजे?” निशांतने विचारलं.

“माझं मत आहे ते. मागच्या वर्षीचं. मॅडम तर माझ्याशी चार शनिवार भांडल्या त्याच्यावरून. त्यांच्या हिशोबाने सायकल तीच.”

मला कुकर आठवला.

“आणखी विचार,” मी मोनालीला म्हटलं.

तिने विचारलं, यंत्राला मन असू शकतं का. ठसा म्हणाला, कधीच नाही. पल्लवी नावाची मुलगी ओरडली, “हे माझं!” जीव वाचवायला खोटं बोलावं का, यावर ठसा म्हणाला, नाही. ते आधीच्या वर्षीच्या कुणाचं तरी होतं. मुलांना आता मजा वाटायला लागली होती. निशांतच्या कपाळावर घाम होता.

“थांबा, थांबा,” तो म्हणाला. “हे सगळं मॅडमच्याच अक्षरात आहे. मी स्वतः तपासलंय. ‘मी’, ‘माझ्या मते’, सगळं आहे.”

“असणारच नं जी,” मोनाली म्हणाली. “मॅडमनी स्वतःचं मत वहीत लिहिलंच नाही कधी. आम्ही पण नाही लिहिलं.”

मग तिने आम्हा दोघांना वर्गाची रीत सांगितली. पहिल्या शनिवारी प्रत्येकाने आपलं मत तोंडाने सांगायचं. ते कुठेही लिहायचं नाही. मग सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, मॅडमचीसुद्धा. ज्याची चिठ्ठी निघेल त्याची बाजू आपण वहीत लिहायची, ‘मी’ म्हणून लिहायची, आणि ती त्याच्यापेक्षाही चांगली लिहायची. मग ज्याचं मत आहे त्याने वाचायचं. पटलं तर खाली ‘हे माझंच’ असं लिहून सही करायची. सही होईपर्यंत पान पुरं झालं असं धरायचं नाही.

“एकदा माझ्या बाजूचं पान मॅडमनी सात वेळा लिहिलं,” अन्वर म्हणाला. “मी मुद्दाम सही देत नव्हतो.”

“लाज नाही तुला,” पल्लवी म्हणाली.

निशांत खाली बसला. “नावं आणि सह्या आम्ही झाकल्या,” तो हळू म्हणाला. “गोपनीयता म्हणून.”

चूक किती साधी होती ते मला तेव्हा कळलं. यंत्राला माणसाचं म्हणणं दिसतं, मानणं दिसत नाही. एखाद्याने ‘मी’ म्हणून लिहिलं तर ते त्याचंच, असं ते धरून चालतं, कारण जगातल्या बहुतेक लिखाणात ते खरं असतं. या खोलीत सत्तावीस वर्षं ते खरं नव्हतं. तिची भाषा, तिची उदाहरणं, तिची बॅग. मतं मात्र सगळी दुसऱ्यांची.

“मग उलटं करता येईल?” पल्लवीने विचारलं. “नाही म्हणेल तिथे हो?”

“नाही,” निशांत म्हणाला. “एका वाटेने गेलं नाही म्हणजे कुठल्या वाटेने गेलं, ते कळत नाही. शंभर वाटा असतात.”

मी घरी आले आणि कपाट उघडलं. बॅगेचं वाक्य असलेलं पान शोधायला मला तास लागला. ते एका ठिकाणी नव्हतं. अकरा वह्यांत, अकरा वर्षं, दरवर्षी एकदा, आईने तेच पान नव्याने लिहिलेलं होतं. आधीचं लांबलचक होतं, बचाव करणाऱ्या वकिलासारखं. हळूहळू ते लहान आणि चांगलं होत गेलेलं. सायकल पाचव्या वर्षी आली होती, बॅग नवव्या. प्रत्येक पानाच्या वर, जिथे बाजू कोणाची ते लिहायचं, तिथे लिहिलेलं होतं : चारू. आणि खाली सहीची जागा मोकळी होती.

आदल्या दिवशी जे वाचून मला हलकं वाटलं होतं, ते तिचं मत नव्हतं. ते माझं होतं, तिने लिहिलेलं. माझ्याकडून ते कधी इतकं नीट मांडलं गेलं नव्हतं. तिचं मत काय होतं, ते वहीत कुठेही नव्हतं.

रविवारी मोनाली घरी आली. मीच बोलावलं होतं. पोहे केले होते. तिने कांदा बाजूला काढत खाल्ले.

“त्या प्रश्नावर मॅडम तोंडी काय म्हणायच्या?” मी विचारलं.

“सांगू का ताई? तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटू दे.”

“म्हणायच्या, यायला पाहिजे. कायमचं नाही, पण यायला पाहिजे. आम्ही सगळे त्यांच्याशी भांडायचो. मी तर लई भांडली. मला पांढरकवड्यात राहायचंच नाही नं. मग त्या हसायच्या.”

“आणि त्यांची चिठ्ठी? कोणाला तरी निघाली असेल. कोणीतरी त्यांची बाजू लिहिली असेल.”

“त्या प्रश्नाला त्या आपली चिठ्ठी डब्यात टाकतच नव्हत्या, स्वतः तुमची बाजू लिहायच्या.” मोनाली ताटलीकडे बघत होती. “आम्ही म्हटलं, मॅडम, हे चीटिंग आहे. तर म्हणे, माझी बाजू लिहायला एक जण यायचा आहे.”

मी उठून गॅस बंद केला. तो बंदच होता.

“रागावलेल्या नव्हत्या त्या,” ती मागून म्हणाली. “खरंच ताई. रागावलेल्या माणसाला दुसऱ्याचं इतकं चांगलं लिहिता येते का?”

सोमवारी निशांत आला तेव्हा मी त्याला सांगितलं की आईच्या नावाने आणि आवाजाने बोलणाऱ्या ठशाला माझी संमती नाही.

त्याचा चेहरा पडला. “चाळीस शाळांना कळवून झालंय, ताई. मुलं वाट बघून राहिली आहेत. ठसा चुकलाय हे मान्य, पण भाषा तर मॅडमचीच आहे. मुलांना काय फरक पडतो?”

“तुमचं म्हणणं मी सांगून बघू?” मी म्हटलं. “खेड्यातल्या शाळेत वाद घालायला शिकवणारं कोणी नाही. अर्धवट मॅडमसुद्धा कोणीच नसण्यापेक्षा बऱ्या. आणि तुम्ही इतके महिने खपलात, ते वाया जाऊ नये. बरोबर?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “हो. हेच.”

“हे आईला येत होतं. मतं देणं नाही, हे. तुमचा थर हेच शिकलाय, फक्त आपण त्याला चुकीचं काम सांगितलं. त्याला कोणाचंही नाव देऊ नका. मुलाने आपलं मत सांगावं, यंत्राने ते त्याच्याहून चांगलं मांडून दाखवावं, आणि मूल ‘हे माझंच’ म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडावं. मग त्यानेच मुलाला सांगावं : आता शेजाऱ्याचं तू मांड. यासाठी सगळ्या वह्या घ्या. यावेळी सह्यांसकट, नावं काढा, पण सही झाली की नाही, आणि कितव्यांदा झाली, ते राहू द्या.”

त्याने खिशातून पेन काढलं आणि माझ्याच वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर काहीतरी आकडेमोड करायला लागला. “कितव्यांदा झाली,” तो पुटपुटला. “म्हणजे न पटलेले मसुदेही मिळतील. असा साठा कोणाकडेच नाही. जूनला नाही जमणार. दिवाळीनंतर.”

“दिवाळीनंतर चालेल.”

“शाळांना मी सांगतो,” तो म्हणाला, आणि निघताना फोटोला नमस्कार करायला विसरला, इतका तो आकड्यांत होता. मला ते आवडलं.

मग आठवडाभर मी आईची बाजू लिहिली. मला वाटलं होतं सोपं जाईल. पहिल्या मसुद्यात ती बिचारी झाली, तो फाडला. दुसऱ्यात ती माझ्यावर आरोप करत होती. तोही फाडला, कारण मोनालीचं म्हणणं मला पटलं होतं. चौथ्या मसुद्यात ती पहिल्यांदा हसली आणि मला जरा तिच्यासारखं ऐकू यायला लागलं.

शनिवारी मी वर्गात उभी राहिले. निशांतही येऊन मागे बसला होता. मी वाचायला लागले.

“मी कुंदा वानखडे. माझं म्हणणं, दूर गेलेल्या मुलीने यायला हवं. मी म्हातारी आहे म्हणून नाही. मला भाजी आणून द्यायला शेजारी आहेत. यायला हवं, कारण ज्या माणसाशी मी सगळ्यात जास्त वाद घातला, ती मला फक्त फोनवर मिळते, आणि फोनवर माणूस हरायला आला की कामात असतो.”

अन्वर खुदकन हसला.

मोनालीने हात वर केला. “पण मॅडम,” ती म्हणाली, आणि कोणीही तिला दुरुस्त केलं नाही, “मुलीला तिचं आयुष्य नाही का? तिने तिकडे एवढं उभं केलं. ते सोडून यायचं?”

माझ्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी कागद खाली घेतला.

“सोडून कुठे म्हटलं मी?” मी म्हणाले. “आयुष्य तिचंच आहे, तिकडेच राहू दे. मी दिवस मागते आहे. चार दिवस. तिने यावं, माझ्यासमोर बसावं, आणि माझं म्हणणं चुकलं असेल तर माझ्या तोंडावर खोडावं. मी सांगितल्यावर तिला पटेल, अशी भीती वाटते म्हणून ती येत नाही. मला माहीत आहे ते. मी तिची आई आहे.”

हे मी लिहिलं नव्हतं. हे मला माहीत होतं हेही मला माहीत नव्हतं.

पल्लवीने हळूच विचारलं, “ताई, याच्यावर सही कोण करणार?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. “हे असंच राहील.”

मग मी बसले नाही. आमच्या घरात सगळ्या गोष्टींवर वाद व्हायचा, आणि वादात एक शब्द असा होता की तो मी तिला चव्वेचाळीस वर्षांत एकदाही दिला नव्हता. बरोबर वाटलं तरी विषय बदलायचे, फोन ठेवायचे. मोनाली, अन्वर, निशांत सगळे बघत होते. माझा आवाज नीट निघाला.

“पटलं, आई,” मी म्हणाले. “मला यायला हवं होतं.”